ग्रीनलँडच्या बैलाला आवतण

पोळा चुकवायला माणूस किती लांब पळू शकतो, हे मला विचारा. आमचे मालक ग्रीनलँडपर्यंत पळाले. एकटे पळाले असते तर मी चार दिवस पाय पसरून झोपले असते. पण नाही, मलाही नेलं, तेही लोकरीच्या तीन थरांत गुंडाळून.

आधी आमची ओळख सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं कुणी मोठी माणसं आहेत. मी शिरड शहापूरच्या शाळेतली निवृत्त बाई. तापट आहे, हे गावाला माहीत आहे. नातवंडं झालेले बापेही मला पाहून अजून विडी मागं लपवतात, कारण त्यांचे कान मी पिरगाळलेले आहेत. मालक शेतकरी. हळद, सोयाबीन, थोडा हरभरा आणि दावणीला लाल कंधारी बैलजोडी. एक थोरला, एक धाकटा. दुसरी नावं त्यांनी कधी ठेवलीच नाहीत. म्हणायचे, घरातल्या पोरांना थोरला-धाकटाच म्हणतात की.

मालकांचं निम्मं आयुष्य या दोघांशी बोलण्यात गेलं. पाऊस कुठं अडकला हे त्यांना विचारायचं, तुरीला भाव काय निघाला हे त्यांना सांगायचं. माझ्या वाट्याला एकच शब्द, "चहा." पण मला तक्रार नव्हती. गोठा न्हाणीला लागून आहे, त्यामुळं घरातल्या सगळ्या बातम्या मला भिंतीपलीकडून कळायच्या. "थोरल्या, जपून ऱ्हाय बाप्पा, मालकीण आज भडकून राहिली," असं एकदा ऐकलं आणि मी भिजलेल्या केसांनी तशीच बाहेर आले. मालक बैलाच्या आड लपले. बैल मात्र जागचा हलला नाही, तो माझ्यापेक्षा त्यांना जास्त ओळखून होता.

मग मालकांचा गुडघा गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी नवा बसवला आणि सांगितलं, आता औतामागं चालायचं नाही. बैल बसवून ठेवणं मालकांना पटेना. त्यांनीच ठरवलं, त्यांनीच माणूस शोधला. आखाडा बाळापूरचा एक शेतकरी, जिवाला जीव देऊन जनावर सांभाळणारा. तो दोघांना घेऊन गेला. आमच्याकडं बैल दिला तरी दावं देत नाहीत, गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणून दावी तेवढी खुंट्याला राहिली.

आणि त्या दिवसापासून मालक बोलायचे बंद झाले. रुसले नव्हते, आजारी नव्हते. जेवायचे, ट्रॅक्टरवाल्याला शेत दाखवायचे, संध्याकाळी ओट्यावर बसायचे. पण बोलणं म्हणून नाही. चहासुद्धा मागेनात, मी देईन तेव्हा प्यायचे. न्हाणीत मी पाणी अंगावर घेताना थांबून कान द्यायची, भिंतीपलीकडं चिडीचूप. माणूस घरात आहे आणि त्याचा आवाज नाही, याची मला भीती वाटायला लागली. तापट बाईला भीती वाटली की ती आणखी तापते. मी दिवसभर भांडी आपटायची, तरी ते "काय झालं?" म्हणायचे नाहीत.

आषाढात बाळापूरवाल्यांचा फोन आला. "दादा, पोळ्याला या. बैलं तुमच्या हातचं खातील. आवतण द्यायला केलाय फोन." मालकांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सांग त्यांला. आपल्या घरचा पोळा संपला." इतक्या महिन्यांनी एवढं लांब वाक्य बोलले आणि तेही असलं. मी बाळापूरवाल्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. काहीतरी गुडघ्याचं निमित्त सांगितलं असेल.

त्यानंतर आठवड्याभरात लेकीचा फोन. आमची एकुलती लेक तिकडं नॉर्वेत बर्फाचा अभ्यास करते आणि हंगामात एका छोट्या जहाजावर प्रवाशांना बर्फ समजावून सांगते. बर्फात समजावण्यासारखं काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही. थंड असतो, हे मीही सांगितलं असतं. तर ती म्हणाली, "आई, यंदा मला दोन माणसं आणता येतात जहाजावर. ग्रीनलँडचा किनारा आहे, माणूस नाही काणूस नाही. पण आबा कशाला येतील म्हणा." आबा म्हणजे हेच. जो माणूस लग्नाला परभणीला जायचं म्हटलं की बैलांना वैरण घालायची आहे म्हणायचा, तो ओट्यावरून उठून आला आणि फोनमध्ये म्हणाला, "व्हय. येतो."

मी लगेच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेले. जहाजाच्या तारखांच्या बरोब्बर मधोमध पोळा. अस्सं! गावात ढोल वाजणार, घरोघरची बैलं रंगून बाहेर पडणार आणि आपल्या रिकाम्या गोठ्यासमोर बसावं लागणार, म्हणून हा माणूस पृथ्वीच्या टोकाला निघाला होता.  मी बॅगेत गुळाच्या पोळ्या बांधल्या.

"हे काहून?" मालकांनी विचारलं.

"मला खायला," मी म्हणाले.

सिद्धेश्वरच्या धरणापलीकडं आम्ही पाणी पाहिलेलं नाही. तेवढ्या पाण्यातसुद्धा मी पाय बुडवला की कुणाचा तरी दंड धरून ठेवते. आईसलँडहून जहाज निघालं. जहाज कसलं, आपल्या दोन एसट्यांत मावतील एवढी माणसं. ते समुद्रात असं हलायला लागलं की मी आल्या-गेल्या सगळ्या देवांना नवस बोलून टाकले. दोन दिवस माझ्या पोटात पाणी टिकलं नाही. मालक मात्र खिडकीपाशी ताठ बसलेले. लेक म्हणाली, "आबांना काहीच कसं होत नाही?" मालकांनी नुसता हात हलवून दाखवला, बैलगाडीचे धक्के बसतात तसा. जन्मभर गाडीवानकी केलेला माणूस, त्याला समुद्र म्हणजे बिनखड्ड्यांचा रस्ता.

मग एका सकाळी हलणं थांबलं आणि बाहेर बर्फाचे डोंगर तरंगत होते. निळे, पांढरे, काही हिरवट. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की बर्फाचा मोठा भाग पाण्याखाली असतो. तो वरचाच एवढा असेल हे मात्र शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "अगं बाई!" मालक काहीच म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडं पाहत होते, बर्फाकडं कमी. एवढ्यानं तरी तोंड उघडेल असं वाटलं होतं. कशाचं काय.

किनाऱ्यावर उतरायच्या आधी तिथं एक सोहळा असतो. सगळ्यांनी आपापले कपडे, पिशव्या, टोप्या घेऊन दिवाणखान्यात जमायचं आणि त्यातली माती, बी, काडीकचरा यंत्रानं ओढून काढायचा. परक्या मुलखातलं बी तिकडं रुजायला नको, म्हणून. सगळ्या तांड्याची प्रमुख एक उंच बाई होती, पाठीवर हातभर वेणी, किनाऱ्यावर गेली की खांद्याला बंदूक. पांढऱ्या अस्वलांसाठी. तिचा आवाज ऐकला आणि मी ओळखलं, ही आपल्यातली. वर्ग हिला घाबरत असणार.

बाकीच्या प्रवाशांचं दोन मिनिटांत उरकलं. कुणाच्या मोज्यातून एक काडी, कुणाच्या टोपीतून काहीच नाही. मग मालकांची पाळी आली. लेकीनं त्यांना नवा कोरा कोट घेऊन दिला होता, पण आत त्यांचा तोच जुना स्वेटर, शेतावरचा. बंदूकवाली बाई चिमटा घेऊन बसली. आधी कुसळं निघाली. मग गोखरू. मग ज्वारीचे दाणे, मग कापसाचा धागा, मग सोयाबीनची अख्खी शेंग. लोक भोवती जमले. खिशातून एक हळकुंड निघालं तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मालकांचा चेहरा मात्र बक्षीस मिळत असल्यासारखा झाला होता.

सगळ्यात शेवटी आतल्या खिशातून दोरीचा वीतभर तुकडा निघाला. त्यात लाल केस अडकलेले. बाईनं तो उजेडात धरला आणि विचारलं, हे काय? लेकीनं मराठीत विचारलं, "आबा, हे काय?"

मला कुणी सांगायची गरज नव्हती. थोरल्याचं दावं. पोळा संपला म्हणणारा माणूस दाव्याचा तुकडा कापून, काळजाशी धरून, समुद्र ओलांडून आला होता.  बाई म्हणाली, जनावराचे केस आहेत, किनाऱ्यावर नेता येणार नाही. मालकांनी तुकडा तिच्या हातातून घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तो खोलीत नेऊन पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

पहिल्या उतरण्यात गुन्हा माझ्याकडून घडला. रबरी बोटीतून आम्ही एका खडकाळ किनाऱ्यावर उतरलो आणि पाहते तर काय, दगडांवर दगडफूल! आपल्या काळ्या मसाल्यात घालतो तेच, निदान त्याची सख्खी बहीण. बाजारात चिमूटभर मिळतं, इथं डोंगरच्या डोंगर. मी वाकून नखानं खरवडलं आणि पाठीमागून बंदूकवालीचा आवाज आला. इथून काही न्यायचं नाही, इथं काही ठेवायचं नाही. मी लेकीला म्हणाले, "तिला सांग, मसाल्याला थोडं." लेकीनं ते सांगितलं नाही, नुसती लाल झाली. पस्तीस वर्षं पोरांना फुलं तोडू नका म्हणत आले आणि या वयात मीच हात मागं घेऊन उभी राहिले.

असे दिवस जात होते. आणि मालकांच्या मनगटावर एक गंमत चालली होती. जहाजावर सगळ्यांनी घड्याळं मागं केली, यांनी नाही केली. त्यांच्या मनगटावर गावाचीच वेळ. आम्ही नाश्ता करायचो तेव्हा ते घड्याळ पाहायचे, आणि मला कळायचं, आता गावात दुपारची विसावण झाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जेवणं उरकून आम्ही एका खाडीत उतरलो. जमीन तांबूस झाली होती. तिथली झाडं म्हणजे जेमतेम घोट्याला लागतील अशी विलोची खुरटी झुडपं, त्यांची पानं पिवळी पडलेली. बंदूकवाली पुढं, आम्ही रांगेनं मागं. एक चढ चढलो आणि तिनं हात वर केला. थांबा.

समोर ओढ्यापलीकडं, चांगलं एका वावराच्या अंतरावर, बैल होते.

मी दुसरा शब्द वापरणार नाही. लेक हळूच म्हणाली, "आबा, हे कस्तुरी बैल. पण खरं म्हणजे हे शेळ्या-मेंढ्यांच्या कुळातले." मालकांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही ती नॉर्वेला जाऊन बिघडली. "वशिंड बघ," ते म्हणाले. "शिंगं बघ. अन् म्हणती शेळी!"

बोलले! मी जागच्या जागी दगड झाले. हललं तर थांबतील म्हणून.

खरंच वशिंड होतं. शिंगं कपाळावरून खाली वाकून पुन्हा वर वळलेली. आणि अंगावरचे केस इतके लांब की पार गुडघ्याखाली लोंबत होते, वाऱ्यानं हलत होते. "झूल घालून आलाय गं," मालक म्हणाले. "देवानंच झूल घालून धाडलाय." एवढं म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. गावात दिवेलागण झाली होती. खांदमळणीची वेळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तुपानं मळतात. वर्षभर जू वाहिलेले खांदे. आणि मळता मळता बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बैलानं मान हलवली की आवतण घेतलं. मालकांनी हे समजायला लागल्यापासून दरवर्षी म्हटलेलं. सवय म्हणजे काय असते! माणूस समुद्र ओलांडून पळाला, पण वेळ झाली आणि समोर वशिंड दिसलं. मालकांनी हातमोजा काढला. दोन पावलं पुढं झाले. उजवा हात हवेत, खांदा चोळल्यासारखा फिरवला आणि मोकळ्या आवाजात म्हणाले,

"आज आवतण घ्या. उद्या जेवायला या."

सगळी रांग वळून पाहायला लागली. त्या खाडीत एवढी शांतता होती की त्यांचा आवाज पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बैलानं डोकं वर केलं. आमच्याकडं पाहिलं. आणि मान हलवली. एकदा, दोनदा. मग पुढच्या पायावर तोंड घासलं आणि फुरफुरला.

"घेतलं!" मालक ओरडले. "घेतलं त्यानं आवतण!"

बंदूकवालीचा रंग उडाला होता. तिनं दोन्ही हात पसरून आम्हाला मागं लोटायला सुरुवात केली. मागं, हळू, पळू नका, मागं. लेक माझ्या कानाशी म्हणाली, "आई, मान हलवणं म्हणजे धमकी असते त्याची. आता तो धावून येऊ शकतो!" आता काय बोलावं! आम्ही सगळे उलट्या पावलांनी उतरत होतो, पुढं बंदूक, मागं समुद्र, आणि आमचे मालक त्या जनावराला हात करत होते, "या बरं का! उद्या!"

तो काही धावून आला नाही. पाहुणा समंजस होता.

जहाजावर परत येईस्तोवर मालक बोलत होते. रबरी बोटीत बोलत होते, बूट धुताना बोलत होते, चहा स्वतः मागितला. माझ्याशी बोलले, लेकीशी बोलले, मराठी न कळणाऱ्या चार गोऱ्या म्हाताऱ्यांशी बोलले. त्या म्हाताऱ्यांना सगळं कळल्यासारखं वाटत होतं. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि डोळे पुसले. रडले म्हणा. रडलेच.

पण सुख कुठलं एवढं टिकायला. संध्याकाळी बंदूकवाली सगळ्यांसमोर नकाशा घेऊन उभी राहिली. वारं फिरलंय, बर्फ खाडीच्या तोंडाशी यायला लागलाय, आत्ताच निघायचं. उद्या दुसरा किनारा. लेकीनं आम्हाला ते मराठीत सांगितलं आणि मालकांच्या हातातला कप तसाच राहिला.

"अन् पाहुणे?" ते म्हणाले.

"कोणते पाहुणे, आबा?"

"आवतण दिलंय म्या. उद्या जेवायला या म्हणलं. अन् आपुनच निघून जायाचं?"

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. ते उठले, थेट बंदूकवालीपाशी गेले, आणि लेकीला मध्ये उभी करून कैफियत मांडायला लागले. ती बाई गंभीरपणे ऐकत होती. म्हणाली, जंगली जनावरांना खायला घालता येत नाही. मालक म्हणाले, नका घालू, मला तिथं नुसतं हजर ठेवा, यजमान दिसला म्हणजे झालं. ती म्हणाली, बर्फानं वाट अडवली तर आपणच इथं अडकू. मालकांना ते पटलं. शेतकरी माणूस, आभाळाशी भांडत नाही. पण परत येऊन बसले आणि मला म्हणाले, "अशी बेअदबी आपल्या घराण्यात कुणी केली न्हाई." आणि पुन्हा गप्प.

दुसऱ्या दिवशी पोळा. घराण्याचा दुसरा नियम असा की बैल जेवल्याशिवाय मालक जेवत नाही. सकाळी नाश्त्याला बसले नाहीत. पाणी तेवढं प्यायले. दिवाणखान्याच्या खिडकीपाशी दुर्बीण होती, तिला डोळा लावून बसले. बाहेर नुसता बर्फ. मी म्हणाले, "अहो, ते रानातले. त्यांचं त्यांनी खाल्लं असंल."

"त्ये खात्यात गं रोज. आवतण कुणी दिलं होतं त्यांला?"

लेक घाबरी झाली. औषधं उपाशीपोटी कशी घ्यायची? मी मात्र भडकले. म्हणजे असं, आतून भडभडून आलं की माझं तोंड रागानं उघडतं, मला दुसरं येतच नाही. "पळसाला पानं तीनच!" मी म्हणाले. "गावात पोळा नको म्हणून इथं आलात, इथंही पोळाच काढलात. मग तिथला काय वाईट होता? हक्काचं बोलावणं आलं होतं, ते झिडकारलं, अन् आता कुठल्या त्या शेळीच्या कुळातल्याला जेवायला घालता आलं न्हाई म्हणून उपाशी बसलात!" मालक वळले नाहीत. दुर्बीण घट्ट धरून राहिले, म्हणजे ऐकत होते.

मी खोलीत गेले. डबा घेतला, दाव्याचा तुकडा घेतला. लेकीला म्हणाले, "बाळापूरला फोन लाव. तोंड दिसतं तसला."

जहाजावर नेट होतं, आभाळातून यायचं. रिंग गेली आणि पडद्यावर आधी बाळापूरवाल्यांचं कपाळ दिसलं, मग मिशी. मागं ढोल. त्यांच्याकडं दिवस कलायला आलेला, पोळा फुटायला, म्हणजे तोरणाखालून बैलं सुटायला, थोडाच वेळ राहिलेला. "वहिनी! कुठून बोलून राहिल्या?"

"ग्रीनलँडहून," मी म्हणाले.

"बराबर," ते म्हणाले. त्यांना ते नांदेडच्या पलीकडलं एखादं हॉटेल वाटलं असावं. "दादा कुठं हायेत? बैलं दावतो त्यांला."

मालकांची पाठ आमच्याकडं. मी फोन त्या पाठीकडंच धरला आणि आवाज मोठा केला. पडद्यावर दोघं दिसले. शिंगं हिरवी रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळा, अंगावर आरशांची झूल. थोरला तसाच, डोळ्यात तोच आळशी शहाणपणा. बाई गं, माझंच काळीज हललं, तर त्या पाठीआड काय होत असेल. पण पाठ वळेना.

बाळापूरवाले सांगत होते, "धाकट्यानं खाल्लं बघा. ह्यो थोरला मातुर तोंड फिरवून राहिला. मघाधरनं पोळी घेऊन हुबा हाय. घे रं, घे!" आणि त्यांनी पोळी पुढं केली. थोरल्यानं तोंड फिरवलं. त्यांनी पुन्हा पुढं केली. पुन्हा तेच.

"उजवीकडून नका!" खिडकीकडून आवाज आला.

मालक वळले होते. दुर्बीण सोडून, नवा गुडघा विसरून, चार ढांगांत फोनपाशी आले. "उजवीकडून त्यो जन्मात खायाचा न्हाई! जूवर कायम उजव्या अंगाला चाललेला बैल हाय त्यो. हाकणारा माणूस मागं मधोमध, म्हंजी त्याच्या डाव्या अंगालाच असतो. डाव्या अंगानं या. अन् पोळी सबंध नगं, दोन तुकडे करा. हां. आता घे रं थोरल्या. घे बाप्पा, घे."

थोरल्याचे कान उभे राहिले. त्यानं मान वळवली, फोनच्या मागं पाहिलं, पुढं पाहिलं. पोळी घेतली. आणि खाता खाता फोनलाही चाटलं. पडदा सगळा काळा-गुलाबी झाला, तिकडून बाळापूरवाले ओरडले, "अरं अरं, फोन हाय त्यो!" दिवाणखान्यातले सगळे प्रवासी आमच्याभोवती होते, बंदूकवालीसुद्धा. मालक त्या ओल्या पडद्यावर अंगठा फिरवत होते, जसं काही पुसलं तर इकडूनही हाताला लागेल. "खाल्लं," ते म्हणाले. "खाल्लं गं त्यानं."

मग मी डबा उघडला. गुळाची पोळी त्यांच्यापुढं धरली. डाव्या अंगानं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, पोळीकडं पाहिलं, आणि मोठा घास घेतला, आदल्या रात्रीपासूनचा उपाशी माणूस.

तिकडं बाळापूरवाल्यांनी फोन धोतरानं पुसला. आता पडद्यावर ते आणि थोरला, दोघांची तोंडं शेजारी शेजारी. म्हणाले, "दादा, यंदा तुमी आला न्हाई. हरकत न्हाई. पण आता ह्यो थोरला तुमच्याच तोंडून आवतण घेतो, तर तुमाला आवतण त्याच्याकडून. आज आवतण घ्या दादा, पुढच्या साली जेवायला या."

मालकांचं तोंड पोळीनं भरलेलं.  डोळे वाहत होते.

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा.

बंदूकवाली दचकून मागं सरकली. मी फोन हातात घेतला आणि बाळापूरला सांगितलं, "घेतलं हो. घेतलं त्यांनी आवतण."